ठोके सावरणाऱ्या गोळ्या हृदयात नेमके काय करतात

हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून लिहून दिलेल्या चिठ्ठीवर बहुधा एकाच औषधाचे नाव नसते. ठोक्यांचा वेग आवरणारी एक गोळी असते, लय टिकवून धरणारी कधी दुसरी असते, आणि रक्तात गुठळी होऊ नये म्हणून दिलेली तिसरी असते. साताऱ्यात औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभे राहिले की जावळी, पाटण, कोरेगाव, माण अशा तालुक्यांतून आलेली माणसे या तिन्हींना मिळून ‘धडधडीच्या गोळ्या’ म्हणताना ऐकू येतात, आणि त्यांपैकी एखादी संपली असली तर ‘बाकीच्या दोन चालू हायत की’ असे निर्धास्तपणे सांगतात. वास्तविक या तिन्हींची कामे इतकी निराळी आहेत की एकीची उणीव दुसरीने भरून निघत नाही. शिवाय लय सांभाळणारी औषधे आम्लपित्ताच्या किंवा तापाच्या गोळीच्या जातीची नव्हेत. ज्या विजेवर हृदय चालते त्या विजेलाच ती हात घालतात, त्यामुळे त्यांचा गुण आणि त्यांचा धोका एकाच ठिकाणाहून निघतो. हे एकदा समजले की डॉक्टर पुन्हा पुन्हा ईसीजी का काढायला लावतात, गोळीची वेळ एवढी काटेकोर का असते, आणि शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला का चालत नाही, याचा उलगडा होतो.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका आणि खालच्या दोन कप्प्यांना जवनिका म्हणतात. उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागात सायनस नोड नावाचा पेशींचा एक लहानसा पुंजका असतो आणि माणूस स्वस्थ बसलेला असताना तो मिनिटाला साधारण 60 ते 100 वेळा आपण होऊन विजेचा संवेग सोडतो. हा संवेग दोन्ही कर्णिकांत पसरतो आणि एव्ही नोड या दुसऱ्या पुंजक्यापाशी येऊन सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतका रेंगाळतो. या रेंगाळण्याला मोठा अर्थ आहे, कारण तेवढ्या वेळात कर्णिकांतले रक्त जवनिकांत उतरते. पुढे संवेग विशिष्ट तंतूंच्या जाळ्यातून जवनिकांत झपाट्याने पसरतो आणि जवनिका आकुंचन पावतात. निरोगी हृदयात कर्णिकांकडून जवनिकांकडे जाण्याची एव्ही नोड ही एकच वाट असते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. औषधांपैकी निम्मी औषधे याच वाटेवर काम करतात. एव्ही नोडची रचना सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने 1906 साली उलगडून दाखवली आणि पुढच्याच वर्षी आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी सायनस नोड शोधला.

आता एका पेशीच्या आत डोकावू. स्वस्थ असलेल्या जवनिकेच्या पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे उणे 90 मिलिव्होल्ट असतो. पेशीच्या पटलात सोडियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांच्यासाठी वेगवेगळी दारे असतात. संवेग आला की आधी सोडियमची दारे उघडतात आणि सोडियम एका झटक्यात आत घुसतो. हा झटका जितका जोरकस, तितका संवेग शेजारच्या पेशीकडे वेगाने जातो. त्यामागोमाग कॅल्शियम सावकाश आत येतो आणि त्याच्यामुळे स्नायू आकसतो. शेवटी पोटॅशियम बाहेर पडतो आणि पेशी पूर्वस्थितीला येते. पोटॅशियम पुरेसा बाहेर पडेपर्यंत पेशीला दुसरा संवेग स्वीकारता येत नाही. सायनस नोड आणि एव्ही नोड यांच्या पेशी मात्र सोडियमवर फारशा विसंबत नाहीत; त्यांचा संवेग कॅल्शियमवर उठतो. कोणते औषध हृदयाच्या कोणत्या भागावर बसणार, हे बरेचसे या एका फरकावरून ठरते.

लय बिघडण्याची कारणे अनेक आहेत. कधी भलत्याच जागची पेशी मध्येच संवेग सोडू लागते, कधी थायरॉइड वाढलेले असते, कधी अंगातला पोटॅशियम घटलेला असतो. परंतु धोकादायक धडधडीपैकी पुष्कळ वेळा संवेग एखाद्या वाटेवर गोल फिरत राहिलेला असतो. यवतेश्वराच्या किंवा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर उन्हाळ्याच्या तोंडाला लागलेला वणवा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा प्रकार लवकर समजेल. आगीची रेघ पुढे सरकते, मागे काळी राख उरते आणि राखेवर आग पुन्हा धरत नाही. वाटेत कातळाचा टापू आला तर आग त्याला वळसा घालून जाते. समजा, त्या डोंगरावरचे गवत जळल्याबरोबर क्षणात पुन्हा उगवणारे असते, तर कातळाला वळसा घालून परत आलेल्या आगीला पहिल्याच जागी हिरवे-वाळले गवत पुन्हा मिळाले असते आणि ती कातळाभोवती फिरतच राहिली असती. हृदयाच्या स्नायूचे गवत खरोखर असेच उगवते; सेकंदाच्या पाव भागाच्या आसपास पेशी पुन्हा पेट घ्यायला तयार होते. हार्ट अटॅकनंतर स्नायूत राहिलेला मृत वण हा तो कातळ. निरोगी हृदयात संवेग परत येण्याआधी विझतो, कारण त्याला सगळीकडे राखच भेटते. वणाच्या कडेने मात्र तो सावकाश सरकतो, आणि सावकाश सरकल्यामुळेच मागचे गवत उगवायला त्याला पुरेसा अवधी मिळतो.

ही फिरती आग विझवायचे दोन मार्ग संभवतात. एक तर आग इतकी मंद करावी की ती कुठेतरी आपोआप दम तोडेल. किंवा गवत उशिरा उगवेल अशी तजवीज करावी, म्हणजे परत आलेल्या आगीला राखच मिळेल. पहिले काम सोडियमची दारे अडवणारी औषधे करतात आणि दुसरे काम मुख्यतः पोटॅशियमची दारे अडवणारी. ऑक्सफर्डचे माइल्स व्हॉन विल्यम्स यांनी 1970 च्या सुमारास औषधांची जी वर्गवारी मांडली आणि जी थोड्याफार दुरुस्त्यांसह आजही शिकवली जाते, तिच्यात हे अनुक्रमे पहिला आणि तिसरा वर्ग आहेत. दुसरा वर्ग ॲड्रेनलिनला अडवणाऱ्या बीटा ब्लॉकरचा आणि चौथा कॅल्शियमची दारे अडवणाऱ्यांचा.

सोडियम अडवणाऱ्या औषधांतले जुने औषध म्हणजे क्विनिडीन. ते सिंकोनाच्या सालीतून, म्हणजे हिवतापावरच्या क्विनीनच्याच घरातून आले. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने आपल्या महाबळेश्वरजवळच्या लिंगमळ्यावर याच सिंकोनाची लागवड करून पाहिली होती आणि ती पुढे सोडून दिली. तेव्हा त्या सालीचा हृदयाशी काही संबंध असेल असे कोणाच्या स्वप्नीही नसावे. 1912 साली कारेल वेंकेबाख या हृदयतज्ज्ञाकडे आलेल्या एका डच व्यापाऱ्याने, एक ग्रॅम क्विनीन घेतले की आपली विस्कटलेली नाडी ताळ्यावर येते, असे सांगितले आणि ते करूनही दाखवले. रुग्णाचे म्हणणे मनावर घेणाऱ्या डॉक्टरमुळे वैद्यकाला एक औषध मिळाले, याचे मला नेहमीच अप्रूप वाटते. पुढे 1918 साली वॉल्टर फ्राय यांनी क्विनिडीन हे क्विनीनहून अधिक परिणामकारक असल्याचे दाखवले. आज या वर्गातली फ्लेकेनाइड, प्रोपाफेनोन आणि मेक्सिलेटीन ही नावे अधिक आढळतात. फ्लेकेनाइडची एक खासियत अशी की ठोके जितके वेगाने पडतात तितके ते सोडियमच्या दाराला अधिक चिकटते, म्हणजे गरज असते तेव्हा जास्त काम करते.

परंतु याच औषधाने वैद्यकाला मोठा धडा दिला आणि तो समजून घेतल्याशिवाय या विषयाचे मर्म हाती लागत नाही. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसांच्या जवनिकांतून पुष्कळदा मधूनच जादा ठोके पडतात, आणि असे ठोके असणाऱ्यांना अचानक मृत्यूचा धोका अधिक असतो. तेव्हा गोळी देऊन ते जादा ठोके दाबले तर मृत्यूही टळतील, हा तर्क इतका सरळ होता की अनेक वर्षे डॉक्टर त्यानुसार उपचार करत होते. अमेरिकेत तो ‘कास्ट’ नावाच्या चाचणीत तपासला गेला. फ्लेकेनाइड किंवा त्याच्यासारखे एन्केनाइड घेणाऱ्या 755 रुग्णांपैकी 63 जण दगावले, तर नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्या 743 पैकी 26 जण दगावले. ईसीजीवरचे जादा ठोके कमी झालेले असतानाही हे घडले आणि 1989 साली चाचणीचा हा भाग मुदतीआधी थांबवावा लागला. वणवा मनात आणला तर यामागचे कारण दिसते. ज्या हृदयात वण आहे त्यात आग आधीच रेंगाळत चाललेली असते. तिला औषधाने आणखी मंद केले की ती विझण्याऐवजी तिला फिरत राहायला निवांत वेळ मिळतो. म्हणूनच आज फ्लेकेनाइड सुरू करण्यापूर्वी इको काढून हृदयाची ताकद पाहतात, ब्लॉकेजची शक्यता तपासतात, आणि अटॅक येऊन गेलेल्या माणसाला ते देत नाहीत. वण नसलेल्या हृदयात मात्र तेच औषध चांगले काम करते.

पोटॅशियम अडवणाऱ्या औषधांचा धोका निराळा आहे. गवत उशिरा उगवावे म्हणून पेशीला पूर्वपदावर येण्यास लागणारा वेळ ही औषधे वाढवतात, आणि हा वेळ ईसीजीच्या कागदावर क्यूटी या अंतराने मोजता येतो. हे अंतर माफक वाढले तर तो औषधाचा गुण. प्रमाणाबाहेर वाढले तर पेशी अर्धवट सावरलेली असतानाच पुन्हा उसळते आणि ईसीजीची रेघ पीळ पडल्यासारखी वरखाली फिरू लागते. फ्रेंच डॉक्टर देसरतेन यांनी 1966 साली वर्णन केलेला हा प्रकार जीवघेणा ठरू शकतो आणि तो उद्भवल्यास शिरेतून मॅग्नेशियम देतात. याच वर्गातले सोटॅलॉल सुरू करताना पहिले काही दिवस पुन्हा पुन्हा ईसीजी काढण्याचे, कधी त्यासाठी दवाखान्यात ठेवून घेण्याचे, आणि मूत्रपिंडाची व पोटॅशियमची तपासणी करण्याचे कारण हेच. उलट्याजुलाबांत पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही घटतात, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही घटतात. म्हणून जुलाब लागले असताना ‘दोन दिवस बघू’ म्हणण्याची चैन या रुग्णांना परवडणारी नाही. अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, उलटीवरचे डोम्पेरिडोन अशी सर्रास विकली जाणारी कित्येक औषधे क्यूटी वाढवू शकतात. दुकानात ती मागताना ‘मला हृदयाची गोळी चालू आहे’ एवढे सांगितले तरी पुढचा अनर्थ टळू शकतो, आणि विचारणे हे आमचेही काम आहे.

या वर्गातले सर्वांत बलवान आणि सर्वांत अवघड औषध म्हणजे ॲमिओडॅरोन. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीस बेल्जियममध्ये ते छातीतल्या दुखण्यावरचे औषध म्हणून तयार झाले. ते पोटॅशियमबरोबर सोडियम आणि कॅल्शियमची दारेही अडवते आणि थोडेफार बीटा ब्लॉकरचेही काम करते, म्हणजे चारही वर्गांत त्याचा पाय आहे. दुबळ्या हृदयाच्या रुग्णालाही ते देता येते, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण त्याच्या वजनाचा सुमारे 37 टक्के भाग आयोडीन असतो. 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडीन पोटात जाते, आणि माणसाची रोजची गरज 0.15 मिलिग्रॅमच्या आसपास आहे. त्यामुळे थायरॉइड मंदावू शकते किंवा उलट भडकू शकते. शिवाय हे औषध चरबीत आणि अवयवांत साठते आणि त्याचे अंगातले प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी दोन महिने लागतात. सुरुवातीला मोठा डोस देऊन नंतर तो कमी का करतात, गोळी बंद केल्यावरही तिचे गुण-दोष कित्येक आठवडे का टिकतात, हे यावरून कळेल. ॲमिओडॅरोन चालू असलेल्या माणसाने दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृताची तपासणी करून घ्यावी, नवा कोरडा खोकला किंवा दम लागू लागला तर फुप्फुसे तपासून घ्यावीत, नजर धूसर झाली तर डोळे दाखवावेत, आणि शेतात जाताना अंगभर कपडे व डोक्याला टापशी असू द्यावी, कारण उन्हाने त्वचा भाजते आणि दीर्घकाळाने निळसर-करडी पडते.

बीटा ब्लॉकर आणि कॅल्शियम अडवणारी औषधे यांच्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. भीती, श्रम, ताप यांनी अंगात ॲड्रेनलिन वाढते आणि ठोके धावतात. ॲड्रेनलिन ज्या जागी चिकटते त्या जागा मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल ही औषधे अडवून धरतात. प्रोप्रॅनोलॉल घडवणारे जेम्स ब्लॅक यांना 1988 साली नोबेल मिळाले. अटॅकनंतर आयुष्य वाढवल्याचा पुरावा ज्यांच्या पदरी आहे अशी लय सांभाळणारी औषधे मुख्यतः हीच. ती एकाएकी बंद केल्यास ठोके आणि रक्तदाब उसळी घेतात, म्हणून ती डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करावी लागतात. व्हेरापॅमिल आणि डिल्टियाझेम एव्ही नोडच्या कॅल्शियमवर उठणाऱ्या संवेगाला मंदावतात. बीटा ब्लॉकरच्या जोडीला ती आली तर नाडी धोकादायकरीत्या संथ होऊ शकते, आणि दोन वेगळ्या डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या एकत्र झाल्या की ही जोडी नकळत जुळते.

डिगॉक्सिन हे या सर्वांत वयोवृद्ध घराणे. विल्यम विदरिंग यांनी 1785 साली फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीचे गुण लिहून ठेवले तेव्हा सायनस नोड सापडायला सव्वाशे वर्षे अवकाश होता. ते व्हेगस या मज्जातंतूचा प्रभाव वाढवून एव्ही नोडला संथ करते. उपकारक डोस आणि विषारी डोस यांत अंतर अगदी कमी असल्याने मळमळ, भूक मरणे, पिवळे-हिरवे दिसणे अशी लक्षणे आली की लगेच रक्त तपासावे लागते. आपल्या कुंपणाला फुलणाऱ्या कण्हेरीत आणि पिवळ्या कण्हेरीत याच जातीचे विष आहे. तिच्या बिया खाऊन दवाखान्यात आलेल्या माणसाची नाडी डिगॉक्सिन जास्त झालेल्या रुग्णासारखीच संथ आणि वेडीवाकडी असते.

ॲडेनोसिन हे औषध गोळीच्या रूपात येत नाही, पण विजेच्या वाटेवर औषध काय करते हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर ते याच्याइतके उघड कुठेच दिसत नाही. नाडी एकाएकी मिनिटाला 180 झाली आहे, एव्ही नोडमधून संवेग गोल फिरतो आहे, अशा वेळी दंडाच्या शिरेत 6 मिलिग्रॅम झटक्यात सोडतात आणि त्यामागून लगेच सलाईन ढकलतात, कारण त्याचे रक्तातले आयुष्य दहा सेकंदांचेही नसते. मॉनिटरवरची दाट रेघ एकदम सपाट होते, काही क्षण काहीच येत नाही, छातीत दडपण येऊन रुग्णाला आपण आता संपलो असे वाटते, आणि मग एक ठोका, दुसरा ठोका असे करत सायनस नोड पुन्हा कारभार हाती घेतो. हे असे होणार आहे, हे रुग्णाला आधी सांगणे ही मोठी दया आहे.

प्रत्यक्षात चिठ्ठ्यांवर सर्वाधिक दिसणारा विकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, ज्याला डॉक्टर एएफ म्हणतात. यात कर्णिकांमध्ये मिनिटाला 350 ते 600 संवेग उसळत असतात, त्या आकुंचन पावण्याऐवजी नुसत्या थरथरतात, आणि एव्ही नोड त्यांतले काही संवेग आडेवेढे घेत खाली सोडतो, म्हणून नाडी पूर्णपणे विस्कळीत लागते. इथे डॉक्टरांपुढे दोन वाटा असतात: एएफ राहू द्यायचा आणि एव्ही नोडवर लगाम ठेवून वेग आवरायचा, किंवा लयच पूर्ववत करण्याचा प्रयत्न करायचा. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अफर्म’ चाचणीत दोन्ही वाटांनी गेलेल्यांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही, आणि त्यामुळे बरीच वर्षे वयस्कर माणसांना केवळ वेग आवरणारी गोळी देणे पुरेसे मानले गेले. 2020 सालच्या ‘ईस्ट’ चाचणीने मात्र, एएफ नुकताच सापडलेला असताना लय सांभाळण्याचे उपचार लवकर सुरू केले तर पक्षाघात आणि हृदयविकाराच्या गंभीर घटना कमी होतात, असे दाखवले. म्हणजे निदान किती लवकर झाले यालाही महत्त्व आले.

वाट कोणतीही धरली तरी थरथरणाऱ्या डाव्या कर्णिकेत रक्त साकळते, गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात होतो. एएफमुळे हा धोका सुमारे पाचपट होतो. ठोक्यांवरच्या गोळ्या ही गुठळी थांबवत नाहीत. ते काम वॉरफरिन किंवा ॲसिनोकूमॅरॉल, नाहीतर ॲपिक्साबॅन, रिव्हॅरोक्साबॅन, डॅबिगॅट्रान यांचे. या गोळीने काहीच जाणवत नाही, धडधड कमी होत नाही, उलट दात घासताना रक्त येते. म्हणून ‘धडधड थांबलीया, मग ही कशाला खायाची?’ हा प्रश्न नेमका हिच्याबद्दलच विचारला जातो. माझ्या मते संपूर्ण चिठ्ठीत चुकवू नये अशी गोळी हीच. संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेले रुग्ण आपल्याकडे अजूनही आहेत आणि त्यांना नव्या गोळ्यांपेक्षा वॉरफरिनच्या जातीची गोळीच अधिक तारते, हे 2022 सालच्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत दिसून आले. ती घेणाऱ्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा, साधारणपणे 2 ते 3 मध्ये राहायला हवा. मेथी, पालक, शेपू सोडून देण्याचे कारण नाही. आठवडाभर अजिबात न खाता एकदम भरपूर खाणे टाळावे, रोजचे प्रमाण सारखे ठेवावे. ॲमिओडॅरोन सुरू झाले की वॉरफरिनचा जोर वाढतो, म्हणून त्याचा डोस घटवून आयएनआर लवकर लवकर पाहावा लागतो. गुडघेदुखीवर परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅक या गोळ्यांच्या जोडीला पोटात रक्तस्राव घडवू शकते. रिव्हॅरोक्साबॅनची मोठी मात्रा जेवणासोबत घ्यावी, तरच ती नीट शोषली जाते. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल दमट हवेत खराब होते, तेव्हा ती आठवड्याच्या डबीत आधीपासून काढून ठेवू नये. महाबळेश्वर, पाटणच्या पावसाळ्यात तर मुळीच नाही. विसरलेली गोळी आठवल्यावर काय करायचे हे प्रत्येक औषधागणिक वेगळे असते, पण दोन डोस एकदम घेणे कोणत्याच औषधाला चालत नाही.

ग्रेपफ्रूट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या रसाने ॲमिओडॅरोन आणि व्हेरापॅमिल रक्तात वाढतात, आणि पपनसातही तसेच घटक असतात, म्हणून ती टाळावीत. द्राक्षे खुशाल खावीत.

गोळ्यांनी भागत नाही तेव्हा कॅथेटर ॲब्लेशन करतात, म्हणजे मांडीच्या शिरेतून नळी नेऊन भलते संवेग सोडणारी किंवा त्यांना फिरवणारी जागा निकामी करतात. एव्ही नोडमधल्या गोल फेऱ्यावर हा उपचार बहुतेकांना कायमचा बरे करतो आणि गोळ्या सुटतात. एएफमध्ये फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांभोवती अशी रेघ ओढतात. त्याने लय टिकण्याची शक्यता वाढते, पण तिथे हिशेब वेगळा आहे. ॲब्लेशननंतर किमान दोन महिने रक्त पातळ ठेवणारी गोळी सर्वांनाच घ्यावी लागते, आणि त्यापुढे ती चालू ठेवायची की नाही हे नाडी सुधारली का यावर ठरत नाही, तर वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवरून पक्षाघाताचा धोका किती आहे यावर ठरते.